दर सामन्याला पाच लाख

१९९३ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या कस्टम्सने परदेशातून आलेला काही माल अडकवून ठेवला होता. मुंबईच्या कस्टम्सला सोन्याची बिस्किटं, घड्याळं, झालंच तर व्हीसीआर पकडण्याचा दांडगा अनुभव. पण हा माल तस्करीचा नव्हता. क्रिकेटचे सामने टिपून जगभर पाठवायला लागणारी यंत्रसामग्री होती ती. मालक होती टीडब्ल्यूआय ही कंपनी, म्हणजे खेळाडूंचा एजंट हा धंदा ज्याने नावारूपाला आणला त्या मार्क मॅकॉर्मॅकच्या आयएमजीची टीव्ही शाखा. तिला बोलावलं होतं क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालने. संघटनेचा हीरकमहोत्सव होता आणि त्यानिमित्त पाच देशांची स्पर्धा भरली होती, हिरो कप. ७ नोव्हेंबरला कानपूरला पहिला सामना झालासुद्धा, आणि इकडे यंत्रं सरकारच्या ताब्यात.

ती सोडवायला थेट सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. १५ नोव्हेंबरला तो निघाला. आदल्याच दिवशी, त्याच मुंबईत, ब्रेबॉर्न स्टेडियमवर जाँटी ऱ्होड्सने वेस्ट इंडीजविरुद्ध एका डावात पाच झेल घेतले होते. एकदिवसीय सामन्यात यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूने तोवर असं कधी केलं नव्हतं.

क्रिकेटचे सामने दाखवण्यावरून एक राज्य संघटना आणि भारत सरकार एकमेकांसमोर उभे ठाकावेत, आणि त्यातून देशाच्या घटनात्मक इतिहासातला एक मोठा निकाल बाहेर पडावा, हे घडलं कसं, ते नीट कळायला दहाबारा वर्षं मागे जावं लागतं. आणि त्याआधी जगात काय चाललं होतं तेही थोडं पाहावं लागतं.

खेळ टीव्हीवर दाखवण्याची सुरुवात बर्लिनची. १९३६ च्या ऑलिम्पिकची चित्रं शहरातल्या सार्वजनिक दालनांत लोकांना पाहता आली. घरोघरी टीव्ही ही कल्पना तेव्हा दूरच होती. युद्धानंतर १९४८ मध्ये लंडनला ऑलिम्पिक झालं तेव्हा बीबीसीने प्रक्षेपणाच्या हक्कापोटी हजार गिनी कबूल केल्या. रक्कम किरकोळ, पण पायंडा पडला. खेळ भरवणारा मालक, दाखवणारा गिऱ्हाईक. १९६० ला रोमच्या वेळी अमेरिकेच्या सीबीएसने ३ लाख ९४ हजार डॉलर मोजले, आणि चित्रफिती विमानाने न्यूयॉर्कला नेऊन दाखवल्या. चार वर्षांनी टोकियोहून सिनकॉम-३ या उपग्रहामार्फत चित्रं पॅसिफिक ओलांडून गेली आणि विमानाची गरज संपत आली. १९८४ च्या लॉस एंजेलिसपर्यंत एबीसीचा आकडा साडेबावीस कोटी डॉलरवर पोहोचला होता.

आपल्याकडे हा व्यवहार नेमका उलटा होता. दाखवणाराच भरवणाऱ्याकडे पैसे मागायचा. त्याचं कारण क्रिकेटमध्ये शोधून सापडायचं नाही, ते १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात होतं. तारायंत्रासाठी केलेल्या त्या कायद्याने बिनतारी संदेशाची सगळी मक्तेदारी सरकारकडे दिलेली, आणि टीव्हीचं प्रक्षेपण म्हणजेही एक प्रकारचा बिनतारी संदेशच. त्यामुळे चित्र दाखवायचं तर ते दूरदर्शनने. दूरदर्शनने मनावर घेतलं तर सामना दिसणार, नाही घेतलं तर रेडिओ कानाला लावून बसा. अशा दुकानदाराशी घासाघीस कोण करणार?

रंग आले

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला प्रायोगिक टीव्ही सुरू झाला. मुंबई केंद्र आलं २ ऑक्टोबर १९७२ ला, पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यालाही चित्र दिसू लागलं. उरलेल्या महाराष्ट्राला मात्र १९८० च्या दशकापर्यंत टीव्ही म्हणजे मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडे बघायची चीज. आशियाई खेळ दिल्लीत भरायचे ठरले आणि सगळी चक्रं एकदम फिरली.

वर्ध्याहून निवडून आलेले वसंत साठे तेव्हा माहिती आणि नभोवाणी मंत्री होते, आणि रंगीत टीव्हीचे खंदे पुरस्कर्ते. गरीब देशाला हे चोचले कशाला, अशी टीका घरच्या पक्षातूनही झाली. साठे मागे हटले नाहीत. १५ ऑगस्ट १९८२ ला लाल किल्ला देशाला रंगांत दिसला आणि त्याच दिवशी राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला. सप्टेंबरच्या सुरुवातीला साठ्यांचं खातं बदललं. ज्या खेळांसाठी एवढी धडपड केली ते सुरू झाले तेव्हा ते त्या खुर्चीत नव्हते. त्याच सप्टेंबरात आणखी एक धक्का बसला. एप्रिलमध्ये सोडलेला इन्सॅट-१ए हा उपग्रह इंधन संपून निकामी झाला. खेळ दोन-अडीच महिन्यांवर आलेले. परक्यांच्या उपग्रहांवर विसंबून आणि ठिकठिकाणी घाईघाईने उभारलेल्या लघुशक्ती प्रक्षेपकांच्या आधाराने दूरदर्शनने वेळ मारून नेली. मारून नेली म्हणण्यापेक्षा निभावून नेली म्हणणं न्यायाचं होईल. १९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर एवढे दिवस रोज तासन् तास थेट चित्र दाखवणं, तेही ज्यांनी कालपरवापर्यंत कृष्णधवल कृषिविषयक कार्यक्रम काढले त्या मंडळींनी, हे सोपं नव्हतं.

आणि थेट प्रक्षेपण म्हणजे काय, ते देशाला १ डिसेंबरला कळलं. हॉकीची अंतिम फेरी, समोर पाकिस्तान, स्टेडियममध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी. पहिला गोल आपला. त्यानंतर पाकिस्तानचे सात. हॉकीतले पराभव भारताला नवे नव्हते, पण तोवर ते दुसऱ्या दिवशीच्या पेपरात वाचायचे असत. हा पराभव शेजाऱ्यापाजाऱ्यांसकट एका खोलीत बसून, एकेक गोल करत पाहिला गेला. गोलरक्षक मीररंजन नेगीचा चेहरा लोकांनी ओळखून ठेवला, आणि त्या सात गोलांचं ओझं त्याने पुढे कित्येक वर्षं वाहिलं. रेडिओवर ऐकलेल्या पराभवाला असा चेहरा नसतो.

पुढच्या वर्षी उलट घडलं. १८ जून १९८३ ला टनब्रिज वेल्सच्या मैदानावर झिंबाब्वेविरुद्ध ५ बाद १७ अशी अवस्था असताना कपिल देव खेळत राहिला आणि नाबाद १७५ करून परतला. त्या खेळीचं चित्रीकरण नाही. बीबीसीत त्या दिवशी संप होता असं सांगतात. कारण काहीही असो, मैदानावर टीव्हीचा कॅमेरा नव्हता. त्यामुळे ती खेळी स्कोअरकार्ड आणि तिथे हजर असलेल्यांच्या आठवणी एवढ्यावरच उरली, आणि अडतीस वर्षांनी सिनेमावाल्यांना ती नव्याने रचून दाखवावी लागली. आठवडाभरानंतरची लॉर्ड्सची अंतिम फेरी मात्र दूरदर्शनने थेट दाखवली. त्या शनिवारी रात्री भारतातल्या मध्यमवर्गाचं क्रिकेटशी जे लग्न लागलं ते आजतागायत टिकून आहे. टनब्रिज वेल्सची खेळी मोठी की लॉर्ड्सचा विजय, हा वाद घालण्यात अर्थ नाही. पण देशाने पाहिलं ते लॉर्ड्स.

साळव्यांचे दोन पास

त्या सामन्याला भारतीय क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष हजर होते: नागपूरचे एन. के. पी. साळवे. अंतिम सामन्याचे दोन जादा पास त्यांनी मागितले आणि लॉर्ड्सच्या यजमानांनी ते नाकारले, ही गोष्ट साळवे स्वतः पुढे सांगत असत. पाकिस्तान मंडळाचे प्रमुख एअर मार्शल नूर खान यांच्याशी लगेच बोलणं झालं, आणि पुढचा विश्वचषक इंग्लंडबाहेर न्यायचाच असा चंग बांधला गेला. एका अपमानातून इतिहास घडला असं म्हणायला छान वाटतं. माझ्या मते पास हे निमित्त. साळवे केंद्रात मंत्री होते, मतांची जुळवाजुळव कशी करायची हे त्यांना इंग्लिश कारभाऱ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं, आणि सहयोगी सदस्य देशांना जास्त पैसे देऊ केले की मतं मिळतात हे गणित त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चोख मांडलं.

१९८७ चा रिलायन्स कप भारत-पाकिस्तानात झाला. भारतातले सामने दूरदर्शनने टिपले आणि जगाने ते पाहिले. नागपूरला ३१ ऑक्टोबरला न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्माने हॅट्ट्रिक घेतली आणि सुनील गावसकरने एकदिवसीय सामन्यातलं एकुलतं एक शतक ठोकलं, तेही ताप अंगात असताना. पाच दिवसांनी वानखेडेवर ग्रॅहम गूचने झाडूवाल्याच्या निष्ठेने स्वीप मारमारून भारताला घरी बसवलं.

त्या काळातल्या चित्राबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण आज टीव्हीवर क्रिकेट पाहणाऱ्याला ते खरं वाटणार नाही. मुख्य कॅमेरा बराच काळ मैदानाच्या एकाच टोकाला असे. त्यामुळे एक षटक गोलंदाजाच्या मागून दिसायचं आणि पुढचं यष्टिरक्षकाच्या पाठीमागून. पायचीतचं अपील झालं आणि षटक चुकीचं असलं तर पंचांवर विश्वास ठेवणं एवढंच हाती. ऐन रंगात आलेला सामना बातम्यांसाठी तोडला जाई. अधूनमधून चित्र जाऊन ‘व्यत्यय’ची पाटी झळके, आणि घरातलं कुणीतरी उठून गच्चीत जाऊन अँटेना फिरवून येई, व्यत्यय दिल्लीचा असला तरी.

हे सगळं चालून गेलं असतं. पण १९८५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लोकांनी ऑस्ट्रेलियातली स्पर्धा पाहिली. केरी पॅकरने १९७७ साली प्रक्षेपणाचे हक्क मिळेनात म्हणून क्रिकेटपटूच विकत घेतले होते. रंगीत कपडे, दिव्यांखालचे सामने आणि दोन्ही टोकांचे कॅमेरे ही त्या भांडणाची देणगी. त्याच्या चॅनेल नाइनची चित्रं भारतातल्या घरांत पोहोचली. मेलबर्नच्या प्रकाशझोतात पिवळ्या-निळ्यात चमचमणारा संघ, चेंडूचा पाठलाग करणारा कॅमेरा, हव्या त्या कोनातून पुन्हा दाखवलेला झेल, आणि शेवटी मुंबईकर रवी शास्त्री बक्षिसाची ऑडी मैदानातच हाकतोय आणि तिच्या टपावर, बॉनेटवर सगळा संघ लटकलाय. ती गाडी सगळ्यांना आठवते. माझा कयास असा की प्रेक्षकांना त्याहून जास्त सलला तो आपल्या आणि त्यांच्या चित्रातला फरक. खेळ आपलाच जिंकलेला, पण इतका देखणा तो आपल्या टीव्हीवाल्यांनी कधी दाखवलाच नव्हता.

आकाश उघडलं

१९९१ च्या आखाती युद्धाने सीएनएन आणलं, त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला. गल्लीतल्या कुठल्याशा पोराने गच्चीवर छत्री बसवली, इमारतींवरून वायर ओढली आणि दूरदर्शनची मक्तेदारी व्यवहारात संपली. कायद्यात ती शाबूत होती. परदेशातून वर पाठवलेलं चित्र खाली उतरवून पाहायला कुणी अडवू शकत नव्हतं. भारतातून चित्र वर पाठवायला मात्र सरकारची परवानगी हवी. बाहेरच्याने आपल्याला काहीही दाखवावं, आपण आपलं दाखवायचं तर अर्ज करा, अशी ती गंमत होती.

टीव्ही आता खेळ नुसता दाखवत नव्हता, त्यात ढवळाढवळही करू लागला होता. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनच्या कसोटीत तिसरा पंच आला. पडद्यावर पाहून धावबाद दिला गेलेला जगातला पहिला फलंदाज सचिन तेंडुलकर. एकोणीस वर्षांचा होता.

१९९३ च्या सुरुवातीला इंग्लंडचा संघ भारतात आला. क्रिकेट मंडळाने त्या मालिकेचे हक्क टीडब्ल्यूआयला विकले. मंडळात जगमोहन दालमिया आणि इंद्रजितसिंग बिंद्रा यांचा वरचष्मा होत चालला होता. एक कलकत्त्याचा बांधकाम व्यावसायिक, दुसरा पंजाबचा आयएएस अधिकारी. आपण विकतोय ती चीज सोन्याची आहे, आणि आजवर आपणच ती पदरचे पैसे देऊन दाखवून घेत होतो, हे या जोडीच्या ध्यानात आलं होतं. दूरदर्शनला आपल्याच देशातली मालिका दाखवायला परक्या कंपनीला पैसे मोजण्याची पाळी आली. दंगलींतून सावरू पाहणाऱ्या मुंबईत फेब्रुवारीत वानखेडेवर विनोद कांबळीने २२४ धावा कुटल्या. चेंडू बॅटवर बसल्याचा आवाज, नाचरे पाय, गळ्यातली साखळी, सगळं जवळून, दोन्ही टोकांनी. मेलबर्नसारखं चित्र मुंबईत काढता येतं हे सिद्ध झालं.

दूरदर्शनच्या आणि मंत्रालयाच्या मनात ते डाचत राहिलं. म्हणून त्या मार्चमध्ये कलकत्त्याहून हिरो कपबद्दल पत्र आलं, की तुम्हीच चित्रीकरण करा किंवा दुसऱ्याने केलेलं विकत घ्या, तेव्हा आधी एक कोटी रुपये देण्याची भाषा झाली, बोलणी रेंगाळली, संघटनेने टीडब्ल्यूआयशी करार उरकला, आणि दूरदर्शनचा पवित्रा बदलला. परदेशी कंपनीचं चित्र आम्ही घेणार नाही. सामने दाखवायला हवे असतील तर चित्रीकरण आमचं, हक्कही आमचे, आणि वर दर सामन्याला पाच लाख रुपये तुम्हीच आम्हाला द्या.

पाच लाख ही मागणी अडेलतट्टूपणाची होती, यात शंका नाही. पण सरकारी बाजूला अगदीच युक्तिवाद नव्हता असं नाही. ज्यांच्या घरी केबल नाही, जे फक्त दूरदर्शन पाहतात अशा कोट्यवधी लोकांचं काय? खासगी कंपनीला चढा भाव देऊन दूरदर्शनने सामने विकत घ्यायचे, की त्या लोकांना सामन्यांशिवाय ठेवायचं? प्रश्न खरा होता. तो विचारण्याची रीत मात्र कस्टम्सकडून माल अडकवण्याची होती. टीडब्ल्यूआयने विदेश संचार निगममार्फत उपग्रहावर चित्र पाठवण्याची सोय केली होती, तिच्यावरही आक्षेप आले. ८ नोव्हेंबरला संघटना कलकत्ता उच्च न्यायालयात गेली, तिथून प्रकरण दिल्लीला. एकाच आठवड्यात सामने, तारखा आणि आदेश एकमेकांच्या पायांत पाय घालत होते.

वाट मोकळी झाली आणि देशाने पुढचे सामने पाहिले. २४ नोव्हेंबरचा उपांत्य सामना म्हणजे ईडन गार्डन्सच्या नव्या प्रकाशझोतांची पहिली मोठी रात्र. मध्येच एक मुंगूस मैदानात शिरलं आणि त्याच्या पळापळीने लाखभर लोकांची करमणूक झाली. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्या होत्या. कपिल देवची षटकं शिल्लक होती, चेंडू घेतला सचिनने. पहिल्याच चेंडूवर दुसऱ्या धावेच्या नादात डीव्हिलियर्स धावबाद. मग ॲलन डोनाल्ड चेंडूमागून चेंडू हुकत गेला, आणि पलीकडे उभा असलेला मॅकमिलन नुसता पाहत राहिला. षटकात तीन धावा; भारत दोन धावांनी विजयी. तीन दिवसांनी अंतिम सामन्यात कुंबळेने १२ धावांत ६ बळी घेऊन वेस्ट इंडीजला गुंडाळलं. कोर्टात अजून निकाल लागायचा होता, पण सचिनचं ते षटक पाहिल्यावर सामने दाखवायचे की नाही हा वाद लोकांच्या लेखी मिटलाच होता.

सावंतांचं निकालपत्र

निकाल आला ९ फेब्रुवारी १९९५ ला. खंडपीठावर पी. बी. सावंत, एस. मोहन आणि बी. पी. जीवन रेड्डी. मुख्य निकालपत्र सावंतांचं, मोहन त्यांच्याशी सहमत. रेड्डींनी आपलं वेगळं, पण त्याच दिशेचं लिहिलं. महाराष्ट्राला सावंत पुढच्या काळातले जास्त परिचित: मंत्र्यांवरच्या भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी करणारा सावंत आयोग, सामाजिक चळवळींची व्यासपीठं. पण त्यांचं सर्वांत दूरवर पोहोचलेलं काम कदाचित हा क्रिकेटचा खटला असावा.

निकालाचा मथळा वर्तमानपत्रांनी केला तो सरकारची मक्तेदारी संपल्याचा. तो अर्धाच होता. भाषणाच्या आणि अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात प्रक्षेपणाचाही हक्क येतो, आणि दूरदर्शनच्याच अटींवर, दूरदर्शनकडूनच चित्रीकरण करून घ्या अशी सक्ती सरकारला करता येणार नाही, हे न्यायालयाने म्हटलं हे खरं. पण त्याच्या आधीची पायरी जास्त महत्त्वाची होती. प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती मर्यादित आहे, म्हणून तिच्यावर नियंत्रण लागेल. ते नियंत्रण सरकारकडे नको आणि बाजाराकडेही नको. समाजातल्या सगळ्या घटकांचं प्रतिनिधित्व करणारी एक स्वायत्त संस्था कायद्याने उभी करा. हा हक्क फक्त बोलणाऱ्याचा नाही, पाहणाऱ्या-ऐकणाऱ्याचाही आहे. रेड्डी तर खासगी वाहिन्यांबद्दल स्पष्टपणे साशंक होते. नफ्यासाठी चालणाऱ्या मूठभर मालकांच्या हाती हवा गेली तर विचारांची विविधता वाढेलच असं नाही, हे त्यांनी तेव्हा लिहून ठेवलं.

म्हणजे खटला जिंकला संघटनेने, पण निकाल दिला होता प्रेक्षकाच्या बाजूने. पुढे काय झालं? निकालाचा पहिला अर्धा भाग बाजाराने रातोरात अमलात आणला. दुसऱ्यासाठी सरकारला उसंत मिळाली नाही. प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्येच संसदेने केलेला होता, तो १९९७ पर्यंत कपाटात पडून राहिला, आणि बाहेर आला तेव्हाही दूरदर्शन आणि आकाशवाणीपुरताच. सगळ्या प्रक्षेपणावर देखरेख करणारी स्वायत्त संस्था काही उभी राहिली नाही.

निकालानंतर वर्षभरात १९९६ चा विश्वचषक आला, भारत, पाकिस्तान आणि श्रीलंकेत. त्याचे टीव्हीचे हक्क एक कोटी डॉलरला घेतले मार्क मस्कारेन्हस याने. मूळचा बंगळूरचा, धंदा अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये, कंपनीचं नाव वर्ल्डटेल. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. त्याने त्यातून भरपूर कमावलं. सचिनशी कोट्यवधींचा करार करणाराही हाच. या स्पर्धेत शीतपेयापासून सगळ्यालाच कुणीतरी ‘अधिकृत’ होतं, इतकं की प्रतिस्पर्धी शीतपेयवाल्याने त्या शब्दाची टिंगल करून आपली जाहिरात मोहीम उभी केली. १३ मार्चला ईडनवर श्रीलंकेविरुद्ध भारत कोसळला, प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, जाळपोळ केली, सामना तिथेच थांबवून श्रीलंकेला दिला गेला. नाबाद राहिलेला कांबळी रडत बाहेर पडला. तीन वर्षांपूर्वी वानखेडेवर त्याचे नाचरे पाय टिपणाऱ्या कॅमेऱ्यांसारखेच कॅमेरे आता त्याच्या डोळ्यांवर होते, आणि त्यांनी नजर हलवली नाही. नेगीच्या वेळी चेहरा दिसला तो योगायोगाने. कांबळीचा चेहरा शोधून, जवळ जाऊन, थांबून दाखवला गेला. दाखवणाऱ्याला आता ठाऊक होतं की लोक हेच पाहतात.

मस्कारेन्हस २००२ च्या जानेवारीत नागपूरजवळ मोटार अपघातात गेला, चव्वेचाळिसाव्या वर्षी.

त्यानंतरचे आकडे सांगण्यात फारसं स्वारस्य नाही, एक पुरे. २००६ मध्ये शरद पवार अध्यक्ष असताना मंडळाने देशातल्या क्रिकेटचे चार वर्षांचे हक्क निंबस कंपनीला ६१ कोटी २० लाख डॉलरला विकले. आणि १९९३ मध्ये सरकारने वेड्यावाकड्या रीतीने विचारलेला प्रश्न जसाच्या तसा पुन्हा समोर आला. २१ जानेवारी २००७ ला वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेतला पहिला एकदिवसीय सामना नागपूरला झाला, आणि निंबसने चित्र न दिल्यामुळे दूरदर्शनवर तो थेट दिसलाच नाही. यावेळी अडवणूक करणारे हात बदलले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने सात मिनिटांच्या अंतराने चित्र देण्याची तडजोड काढली. सात मिनिटं उशिरा क्रिकेट पाहणं म्हणजे शेजाऱ्याच्या घरातला जल्लोष ऐकून विकेट पडल्याचं कळणं. फेब्रुवारीत सरकारने वटहुकूम काढला, मार्चमध्ये कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्र हक्कदार वाहिनीने प्रसार भारतीला द्यायचं, जाहिरातींविना, आणि त्यावर जे उत्पन्न होईल त्यातले निदान ७५ टक्के हक्कदाराचे, २५ टक्के प्रसार भारतीचे.

सावंतांनी मागितलेल्या स्वायत्त संस्थेऐवजी देशाला हा वाटणीचा कायदा मिळाला. त्यालाही पुढे फाटा फुटला. केबलवाल्यांना दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणं सक्तीचं, म्हणजे ज्याने हक्कांसाठी पैसे मोजले त्याचा सामना केबलवर फुकटच दिसू लागला. क्रिकेट मंडळ आणि वाहिन्या पुन्हा कोर्टात गेल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वाटून घेतलेलं चित्र प्रसार भारतीने फक्त आपल्या जमिनीवरच्या प्रक्षेपकांवरून आणि आपल्या मोफत डिशवरून दाखवावं, खासगी केबलवर ते जाऊ देऊ नये. तेव्हापासून महिन्याला शेकडो रुपये भरणाऱ्या घरात दूरदर्शन लावला तर सामन्याच्या वेळी तिथे दुसरंच काहीतरी चालू असतं, आणि पत्र्यावर सरकारी छत्री लावलेल्या झोपडीत त्याच क्षणी भारताची फलंदाजी थेट दिसत असते.